प्लेटिंगचं सांडपाणी, करवंटीचा कोळसा आणि आमच्या पऱ्हाट्या

रानवारा

धाकट्या भावाचं भोसरीत प्लेटिंगचं, म्हणजे भागांवर धातूचा मुलामा चढवायचं, छोटं युनिट आहे. झिंक आणि हार्ड क्रोम, दोन्ही. रोज साधारण पाच हजार लिटर रिन्सचं, म्हणजे मुलाम्यानंतर भाग धुतलेलं, पाणी निघतं. सध्या टाकीत क्रोमियमचं विषारी रूप मोडायला मेटाबायसल्फाइट घालतात, मग धातू खाली बसवायला चुना, मग गाळ बसवून फिल्टर प्रेसमधून काढतात आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या गाडीने रांजणगावला जातो.

आता एक विक्रेता मागे लागलाय. त्याचं म्हणणं, करवंटीच्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनने भरलेली दोन उभी पिंपं बसवा, पाणी त्यातून सोडा, क्रोमियम आणि झिंक कोळसाच धरून ठेवेल. केमिकल नको, गाळ नको, माणूस नको. भाऊ जवळजवळ तयार झालाय. मी रसायनशास्त्रातली नाही, पण हे पाणी पुढे पवनेत नाहीतर इंद्रायणीत जाणार, म्हणून मला खात्री करून घ्यायची आहे. हे खरंच चालतं का?

दुसरा प्रश्न माझ्या मनातला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, बांधावर पेटवून देतात. करवंटीने जमत असेल तर पऱ्हाटीने का जमू नये? शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतील. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सुपारीबाग

आमच्याकडे वेंगुर्ल्यात करवंट्या चुलीत जातात. चांगल्या कामाला लागणार असतील तर पोती भरून देते, भोसरीच काय, अख्खं पुणं गाळून काढा. :) वाचतेय.

आम्लराज

रानवारा, चांगला धागा. मी सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा आधी मूळ गोष्ट सांगतो.

करवंटी, तूस, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं, पऱ्हाटी असं काहीही कमी हवेत ४०० ते ६०० अंशांवर तापवलं की कोळसा होतो. हा साधा कोळसा धातू थोडेफार धरतो. त्याला ८०० ते ९०० अंशांवर वाफ दिली, किंवा कच्चा माल आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये भिजवून मग भाजला, की आत असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडतात. मग एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास जातो. हा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन.

पण धातूंच्या बाबतीत नुसती छिद्रं उपयोगी पडत नाहीत. रंग, वास, कीटकनाशकं हे सेंद्रिय पदार्थ छिद्रांत जाऊन बसतात, धातूचे आयन तसे बसत नाहीत. त्यांना धरायला पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले गट लागतात, आणि ते गट धरणार की सोडणार हे पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली), ठरवतो. म्हणून विक्रेता आयोडीन नंबर किती मोठा आहे हे दाखवायला लागला तर हुरळून जाऊ नका. आयोडीन नंबर छिद्रं किती आहेत ते सांगतो. झिंक किती धरेल याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता तुमच्या भावाच्या पाण्याकडे येऊ. क्रोमच्या बाथमधला, म्हणजे मुलामा चढवायच्या टाकीतल्या द्रावणातला, क्रोमियम सहा संयुजेचा (त्याचं जास्त विषारी रूप) असतो आणि पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋण भाराचा असतो. त्याला कोळसा सगळ्यात चांगला धरतो तो पीएच २ ते ३ ला, कारण तेव्हा कोळशाचा पृष्ठभाग धन भाराचा होतो. झिंक मात्र धन भाराचं. त्याला पीएच ५-६ लागतो. पीएच २ ला झिंक कोळशाकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे दोन्ही पाणी एकत्र करून एकाच पीएचला एकाच पिंपातून सोडलं तर दोन्हींपैकी एक धातू सुटणारच. विक्रेत्याला फक्त एवढंच विचारा: पिंपात शिरताना पीएच किती ठेवायचा? उत्तर आलं नाही तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तिसरी_पाळी

आम्लराज यांनी पीएच २ लिहिलं, म्हणून सगळ्यांत आधी हे विचारतो. रानवाराताई, भावाचा झिंकचा बाथ सायनाइडचा आहे की अल्कली किंवा क्लोराइडचा? सायनाइडचा असेल तर त्याचं रिन्स आणि क्रोमचं रिन्स कधीही, कुठल्याही कारणाने एकत्र करू नका. सायनाइडच्या पाण्यात अ‍ॅसिड गेलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि टाकीवर वाकलेला माणूस जागेवर कोसळतो. सायनाइडची लाइन वेगळी, तिला पीएच दहाच्या वर ठेवून हायपोक्लोराइट द्यायचं, ते मोडल्यावरच पुढची गोष्ट. पिंप विकायला आलेल्या माणसाने लाइनी वेगळ्या आहेत का हे विचारलं नसेल तर त्याला प्लेटिंग कळत नाही.

मी सारं आयुष्य प्लेटिंगमध्ये काढलं. आमच्या वेळी क्रोमच्या टाकीवर धूर ओढणारा पंखा नसायचा. बरोबरच्या दोघांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं, कारागीर त्याला क्रोमचं भोक म्हणायचे आणि मालक त्याला सर्दी म्हणायचा. त्यामुळे हे पाणी नीट साफ करायची धडपड कुणी करत असेल तर मला बरं वाटतं. फक्त ते खरोखर साफ व्हायला पाहिजे.

रानवारा

तिसरी_पाळी काका, भावाला लगेच फोन केला. झिंक अल्कलीचं आहे, सायनाइड नाही. पण क्रोमचं आणि झिंकचं रिन्स एकाच टाकीत येतं हे मात्र खरं.

हिशेबनीस

मी अभियंता आहे, तेव्हा आकडे मांडतो. रिन्समध्ये क्रोमियम ४० मिलिग्रॅम प्रति लिटर धरू. तुमचा खरा आकडा वेगळा असेल, तो घालून बघा. ५,००० लिटर गुणिले ४० म्हणजे रोज २०० ग्रॅम क्रोमियम.

एक ग्रॅम कोळशाने प्रत्यक्षात २० मिलिग्रॅम क्रोमियम धरलं, हा उदार अंदाज समजा. २०० ग्रॅमला रोज १० किलो कोळसा लागला. महिन्याला अडीचशे-तीनशे किलो. आणि हा वापरलेला कोळसा क्रोमियमने भरलेला, म्हणजे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली घातक कचराच. तोही त्याच गाडीने रांजणगावलाच जाणार.

आता चुन्याचा गाळ बघा. २०० ग्रॅम क्रोमियमचं हायड्रॉक्साइड कोरडं साधारण ४०० ग्रॅम होतं. प्रेसमधून निघणाऱ्या वडीत तीन चतुर्थांश पाणी धरलं तर दीड-दोन किलो, चुन्याची भर धरून तीन किलो म्हणा. म्हणजे ‘गाळ नको’ म्हणून जो उपाय विकला जातोय त्यात घातक कचरा तिप्पट होतो. शिवाय कोळसा विकत घ्यावा लागतो तो वेगळाच.

मग कोळसा निरुपयोगी आहे का? नाही. चुन्यानंतर जे पाणी निघतं त्यात धातूचा थोडा अंश उरतो. समजा एकूण क्रोमियम १ मिलिग्रॅम उरलं. म्हणजे रोज ५ ग्रॅम. इतक्या विरळ पाण्यातून कोळसा कमी धरतो, ग्रॅमला ५ मिलिग्रॅमच धरा, तरी दिवसाला एक किलो पुरतो. कोळशाची जागा शेवटी आहे. सुरुवातीला बसवला तर तो पाणी साफ करण्याऐवजी स्वतःच भरून जातो.

गवाक्ष

हिशेबनीस यांचा निष्कर्ष मला एकांगी वाटतो. मी याच विषयात पीएच.डी. करते, शेंगांच्या टरफलांवर. वीस मिलिग्रॅम हा सगळ्या कोळशांना लावायचा आकडा नाही. फॉस्फोरिक अ‍ॅसिडने केलेल्या काही कोळशांची क्षमता शंभरच्या पुढे जाते. शिवाय कोळसा एकदाच वापरायचा असं कुठे आहे? पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने धुतला की झिंक, शिसं, कॅडमियम परत पाण्यात उतरतात आणि कोळसा पुन्हा वापरता येतो. दहा किलो रोज नवा लागेल हे गृहीतकच चुकीचं आहे.

आणि ‘शेवटी बसवा’ हा सल्ला मोठ्या कारखान्याला ठीक. ज्यांच्याकडे प्रेस नाही, चुन्याची टाकी नाही अशा छोट्या युनिटांनी काय करायचं? तिथे काहीच नसण्यापेक्षा कोळशाचं पिंप बरं.

हिशेबनीस

गवाक्ष, शंभरचा आकडा कुठल्या पाण्यात आला? ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू विरघळवून, सुरुवातीला शंभर-दोनशे मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवून, फ्लास्क दिवसभर हलवून मिळालेला ना? भोसरीच्या रिन्समध्ये कॅल्शियम आहे, सल्फेट आहे, तेल काढायच्या टाकीतला साबण आहे, मुलाम्याला चकाकी आणणारं ब्राइटनर आहे. या सगळ्यांना त्याच जागा हव्या असतात.

अ‍ॅसिडने धुण्याचं म्हणाल तर धुतल्यावर झिंक गेलं कुठे? अ‍ॅसिडमध्ये. त्या अ‍ॅसिडचं काय करायचं? चुना घालून गाळ काढायचा. फिरून तिथेच आलो. आणि उष्णतेने कोळसा नवा करायची जी पद्धत आहे ती सेंद्रिय पदार्थांसाठी आहे, कारण ते जळून जातात. धातू जळत नाही.

गवाक्ष

गुंतागुंतीच्या पाण्यात क्षमता घटते हे मान्यच आहे, म्हणून तर आम्ही खऱ्या सांडपाण्यावर कॉलम, म्हणजे कोळसा भरलेली उभी नळी, चालवतो, फ्लास्कवर थांबत नाही. पण अ‍ॅसिडमध्ये उतरलेला धातू पाच हजार लिटरऐवजी वीस-पंचवीस लिटरमध्ये एकवटलेला असतो, हा फरक तुम्ही सोडून देताय. तेवढ्या द्रावणातून तो विजेने परत काढता येतो किंवा परत कामाला लावता येतो. सोन्याच्या खाणीत हेच करतात. सायनाइडमध्ये विरघळलेलं सोनं करवंटीच्या कार्बनवर धरतात, गरम कॉस्टिकने सोडवतात आणि कार्बन पुन्हा टाकीत जातो. तंत्र जुनं आणि सिद्ध आहे.

तिसरी_पाळी

गवाक्ष बाई, तंत्र खरं आहे. पण तिथे कोळशाला सोनं चिकटतं, इथे झिंक. झिंक सोडवायला लागणारं अ‍ॅसिड, वीज आणि माणूस यांचा खर्च झिंकच्या भावातून निघायचा नाही. निकेलचं असतं तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

आम्लराज

दोघांचं वाचलं. गवाक्ष, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, म्हणूनच एक तपासून बघायला सांगतो. सहा संयुजेचा क्रोमियम डायफेनिलकार्बाझाइडने मोजता का? ते फक्त सहा संयुजेचा दाखवतं, गुलाबी-जांभळा रंग येतो. पीएच २ ला कोळसा दोन कामं करतो: काही क्रोमियम धरतो, आणि बऱ्याच क्रोमियमला स्वतःतले इलेक्ट्रॉन देऊन तीन संयुजेचा करतो. तो तीन संयुजेचा क्रोमियम धन भाराचा, आम्ल पाण्यात कोळशाला न चिकटता तसाच पुढे वाहतो. गुलाबी रंग येत नाही, आपण ९९ टक्के निघालं म्हणून लिहितो, आणि क्रोमियम पाण्यातच असतं. एकूण क्रोमियम अणुशोषणाने (धातूचा एकूण अंश दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजल्याशिवाय ‘काढलं’ म्हणता येत नाही. विषारीपणा फार कमी झाला हे खरं, पण काढलं नाही.

आपल्याकडची सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादाही दोन्ही वेगळे मागते: सहा संयुजेचा ०.१ आणि एकूण २ मिलिग्रॅम प्रति लिटर.

गवाक्ष

दोन्ही मोजतो, आणि हा मुद्दा अगदी रास्त आहे. छापून आलेल्या अनेक लेखांत तो पाळलेला नसतो आणि त्याचा मलाही राग येतो. आणखी एक भर घालते. झिंक क्लोराइडने कोळसा तयार करायची पद्धत फार लोकप्रिय आहे, क्षमता छान येते. पण तो नीट धुतला नाही तर स्वतःच पाण्यात झिंक सोडतो, आणि धुतला तर ते धुण्याचं पाणी झिंकने भरलेलं. जड धातू काढायच्या कामासाठी ही पद्धत वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त_मास्तर

चर्चा रंगलीय, थोडं इतिहासाचं सांगतो. कोळसा वायू शोषून घेतो हे शील याने १७७३ मध्ये नोंदवलं. मग लोविट्झने कोळशाने द्रावणाचा रंग काढला आणि पुढे युरोपातल्या साखर कारखान्यांत हाडांचा कोळसा आला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी करवंट्या कमी पडल्या, तेव्हा अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया जमा करायचं आवाहन केलं होतं. म्हणजे झाडांच्या कचऱ्यापासून कार्बन ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

आमच्या लहानपणी शाळेत तीन माठांची उतरंड असायची. वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, खाली गाळलेलं पाणी. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळायची. पाणी स्वच्छ दिसायचं आणि गोड लागायचं. तेवढ्यावर समाधान असायचं.

ओलीमाती

मास्तर, यावरूनच माझा प्रश्न. आमच्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला, शिसं मर्यादेच्या वर आहे. घरी नारळाच्या करवंट्या आहेतच. कोळसा करून माठात टाकला तर चालेल का?

आम्लराज

ओलीमाती ताई, कृपा करून नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तिथपर्यंत खात्रीने नेणं घरच्या कोळशाचं काम नाही. तो कधी भरला हे डोळ्यांना दिसत नाही, चव बदलत नाही, आणि ओल्या कोळशावर जिवाणू वाढतात ते वेगळंच. उकळल्यानेही शिसं जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. आधी दुसऱ्या प्रयोगशाळेतून नमुना पुन्हा तपासा आणि तोवर पिण्याला, स्वयंपाकाला दुसरं पाणी घ्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबू नका. तपासणीत पुन्हा तेच आलं तर आरओ, आणि त्यातून निघणारं पाणीही अधूनमधून तपासायचं. नळाला पितळी फिटिंग किंवा जुना जोड असेल तर शिसं तिथूनही येतं, म्हणून एक नमुना थेट बोअरवर घ्या.

ओलीमाती

धन्यवाद. सासूबाई आहेत आणि तीन वर्षांची मुलगी आहे. आजपासून शेजारच्या सोसायटीतून पाणी आणतो.

पायताण

मी कोल्हापूरचा. इथं धातूचा विषय निघालाय म्हणून सांगतो, आमच्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावत्यात. क्रोमियमचा संबंधच नाही. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं त्याला. आधी घालायचंच नाही तर काढायची भानगड कशाला?

अंबूरकर

पायताण, खरं आहे. पण जगातलं बहुतेक कातडं आज क्रोमनेच कमावलं जातं, कारण काम एका दिवसात होतं आणि कातडं मऊ निघतं. मी तमिळनाडूत चामड्याच्या कारखान्यात रसायनांचं काम बघतो. आमच्याकडचं क्रोमियम तीन संयुजेचं असतं, प्लेटिंगसारखं सहाचं नाही. ते आम्ही मॅग्नेशियम ऑक्साइड घालून खाली बसवतो, सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवतो आणि पुन्हा कातड्यालाच वापरतो. जो धातू तुमच्याच बाथमध्ये परत जाऊ शकतो तो कोळशाला कशाला खाऊ घालायचा? रानवाराताई, भावाला हाच प्रश्न विचारा. क्रोमच्या टाकीवर भाग वर काढल्यावर निथळायला किती वेळ देतात?

तिसरी_पाळी

हे बोललात ते लाखमोलाचं. पीस-रेटवर काम असलं की पोरं जिग, म्हणजे भाग टांगायची चौकट, वर काढतात आणि टपटपत तसंच रिन्समध्ये बुडवतात. बाथमधलं क्रोम रिन्समध्ये जातं ते असं. जिग टाकीवर थोडा वेळ धरला, थोडा तिरका केला, पहिली स्थिर रिन्सची टाकी ठेवली आणि तिचं पाणी बाथमध्ये भर म्हणून घातलं तर पुढे जाणारं क्रोम निम्म्याहून कमी होतं. रुपया खर्च नाही.

हिशेबनीस

यात उलट्या दिशेच्या रिन्सचं गणित घाला. भागाबरोबर एक लिटर बाथ बाहेर आला आणि तो हजार पट पातळ करायचा असेल तर एका टाकीत हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ओळीने लावून पाणी भागांच्या उलट्या दिशेने सोडलं तर हिशेबाने साधारण ३२ लिटर. प्रत्यक्षात इतकं कमी होणार नाही, पण पाच हजाराचे हजार-बाराशे लिटर सहज होतील. मग चुना, प्रेस, कोळसा, सगळंच लहान.

काळी_कसदार

मी वर्ध्याकडची. रानवाराचा दुसरा प्रश्न सगळे विसरले म्हणून लिहिते.

पऱ्हाट्या जाळण्यामागे कारण आहे. गुलाबी बोंडअळी त्यांच्यात राहते, म्हणून शेतातून काढून नष्ट कराच असं कृषी विभागही सांगतो. काही बायका सरपणाला नेतात, तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, तर कूड होतात, त्यांना कचरा म्हणवत नाही. पऱ्हाटीचा कोळसा केला तर अळीचाही बंदोबस्त होतो. हैदराबादच्या क्रिडाने, म्हणजे कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने, तेलाच्या ड्रमची भट्टी त्यासाठीच काढली आहे. गावात ती सहज बनते.

पण त्यातून निघतो तो साधा कोळसा. शंभर किलो वाळलेल्या पऱ्हाटीतून पंचवीस-तीस किलो. त्याला वाफ देऊन अ‍ॅक्टिव्हेट करायचा तर आणखी निम्मा जळतो, आणि आठशे-नऊशे अंशांची बंद भट्टी गावात कोण चालवणार? शिवाय पऱ्हाटीचा कोळसा मऊ असतो, करवंटीसारखा टणक दाणा होत नाही. पिंपात पाणी जोरात आलं की त्याची भुकटी होते.

म्हणून माझं म्हणणं, पऱ्हाटीचा कोळसा शेतातच परत जाऊ दे. शेणखतात मुरवून घातला की हलक्या जमिनीत ओल धरतो. भोसरीच्या क्रोमियमसाठी यवतमाळहून गाडी भरायची गरज नाही.

भातवाडी

गोंदियाकडे राइस मिलच्या तुसाची राख ढिगाने पडलेली असते. त्यात बहुतांश सिलिकाच असते. तीही धातू धरते असं ऐकलंय. आणि एक कल्पना: वापरलेला कोळसा विटांमध्ये घातला, किंवा जाळून टाकला तर? जळण म्हणूनही उपयोग होईल.

आम्लराज

भातवाडी, तुसाची राख धातू थोडे धरते हे बरोबर, मुख्यतः पाणी अल्कली करून धातू खाली बसवते म्हणून. काळी_कसदार यांच्या साध्या कोळशाचंही काही अंशी तसंच असतं.

पण क्रोमियम लागलेला कोळसा जाळण्याचा विचार मनातून काढून टाका. निरुपद्रवी होत आलेलं तीन संयुजेचं क्रोमियम हवेत चुन्याबरोबर तापवलं की पुन्हा सहा संयुजेचं होतं आणि पाण्यात विरघळतं. वीटभट्टीत माती, चुना, हवा आणि उष्णता चारही असतात. बाकी धातू राखेत एकवटतात किंवा धुरात जातात. आणि काळी_कसदार, तुम्हालाही एक सांगून ठेवतो: कुणी ‘फुकट बायोचार’ (शेतात घालायचा कोळसा) म्हणून कारखान्यातला वापरलेला कोळसा गावात आणून दिला तर तो शेतात घालू नका, कितीही काळाभोर दिसला तरी.

काळी_कसदार

हे आमच्या गटात आजच सांगते. फुकटचा माल गावात फार लवकर पोचतो.

सुपारीबाग

म्हणजे माझ्या करवंट्यांना गिऱ्हाईक नाही तर!

गवाक्ष

आहे की, सुपारीबाग. शेवटच्या टप्प्याला टणक दाण्याचा कोळसा लागतो आणि त्यात करवंटीला तोड नाही. हिशेबनीस, तुमच्या बाजूला मी अर्धी आले आहे. प्रेस असलेल्या युनिटला कोळसा शेवटीच बसवावा. पण प्रेस नसलेल्या छोट्यांसाठी मी माझा मुद्दा सोडत नाही. गल्लीतल्या पाच-सात जणांनी पिंपं वापरून भरलेला कोळसा एका ठिकाणी धुवायला दिला तर अ‍ॅसिडचा आणि माणसाचा खर्च वाटला जाईल. ते करून बघण्यासारखं आहे.

हिशेबनीस

एका ठिकाणी धुवायची व्यवस्था आणि लेखी हिशेब असेल तर मीही हो म्हणेन. ती नसताना पिंप विकणं म्हणजे भरलेला कोळसा रात्री नाल्यात जाणं.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हा धागा वाचायला दिला आणि कालच आम्ही दोघं युनिटवर बसलो. विक्रेत्याला पीएचचं विचारलं. तो म्हणाला, कुठलाही चालतो. भावानेच त्याला नको म्हणून सांगितलं.

ठरलं ते असं. क्रोमचं आणि झिंकचं रिन्स आधी वेगळं करायचं. क्रोमला एक स्थिर रिन्स आणि पुढे उलट्या दिशेच्या दोन टाक्या. जिग निथळू द्यायचा, आणि त्या वेळासाठी पीस-रेट थोडा वाढवून द्यायचा, नाहीतर पोरं ऐकणार नाहीत. मेटाबायसल्फाइट आणि चुना आहे तसाच. करवंटीचं एक लहान पिंप शेवटी, तेही आधी पाणी तपासून, उरलेला धातू खरंच जास्त असेल तरच.

एक विचारायचं राहिलं. तपासणीला नमुना कसा द्यायचा? भाऊ दरवेळी जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून पाठवतो.

आम्लराज

कोल्ड्रिंकची बाटली नको. प्रयोगशाळेकडून अ‍ॅसिडने धुतलेल्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या मागवा. एकूण क्रोमियम आणि झिंकच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच दोनच्या खाली नेतात, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही. ते अ‍ॅसिड प्रयोगशाळाच घालून देते. सहा संयुजेच्या क्रोमियमच्या बाटलीत मात्र अ‍ॅसिड अजिबात घालायचं नाही, नाहीतर पाण्यातल्या इतर पदार्थांमुळे ते वाटेतच तीनचं होऊन आकडा खोटा कमी येईल. ती बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. आणि नमुना सकाळी काम सुरू व्हायच्या आधीचा निवळलेला घेऊ नका. दुपारी लाइन पूर्ण चालू असताना, बाहेर पडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी घ्या. पिंप बसवलंच तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही नमुने दर आठवड्याला.